पिट्सबर्गला राहायला येताय? आधी पत्त्याचं बघा

पिट्सबर्गला येणारा मराठी माणूस साधारण तीन वाटांनी येतो. कार्नेगी मेलन (सीएमयू) किंवा पिट्सबर्ग विद्यापीठात (इथे त्याला नुसतं ‘पिट’ म्हणतात) शिकायला, एखाद्या रुग्णालयात नोकरीला, नाहीतर कंपनीने बदली केली म्हणून. तिघांचेही पहिले प्रश्न ठरलेले: भाडं किती, थंडी किती, इंडियन स्टोअर किती लांब. त्यांची उत्तरं कोणीही देतं. पण या शहरात तुमचा कर, मुलांची शाळा आणि ऑफिसला जायचा वेळ या सगळ्याचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो आणि ती मात्र कोणी विचारत नाही. ती म्हणजे, घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे? म्हणून हा लेख बॅगेत काय भरायचं यापासून सुरू होत नाही. (कुकर आणा. बाकी सगळं इथे मिळतं.)

आधी शहर कशावर चालतं ते समजून घ्या

उत्तरेकडून अ‍ॅलेगेनी येते, दक्षिणेकडून मोनोंगाहेला येते. दोघी जिथे मिळतात तिथून ओहायो नदी सुरू होते. त्या टोकाला इथे नुसतं ‘पॉइंट’ म्हणतात. डोंगरात कोळसा आणि दाराशी मालवाहतुकीच्या नद्या, अशी ही जागा. अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये ब्रॅडॉकला एडगर थॉमसन हा पोलादाचा कारखाना सुरू केला, तो आजही चालू आहे. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनने कार्नेगीचा सगळा पसारा विकत घेऊन यू. एस. स्टील उभी केली. पुढची कित्येक दशकं या शहराला दुसरा धंदा शोधायची गरजच पडली नाही. धूर इतका असायचा की १९४० च्या दशकात भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत.

मग १९८० च्या दशकात सगळं एकदम कोसळलं. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता ‘वॉटरफ्रंट’ नावाचं मोठं खरेदी केंद्र आहे. नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात गादी, उशा, तवा आणायला तिथे जातो आणि रांगेत उभ्या असलेल्या जुन्या धुराड्यांकडे बघून हे काय म्हणून विचारतो. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. २०२० च्या जनगणनेत ती ३,०२,९७१ भरली. आसपासची उपनगरं धरून महानगराचा आकडा तेवीस लाखांच्या वर जातो, पण मूळ शहर निम्म्याहून कमी झालं, हे लक्षात ठेवा. भाड्यापासून बसच्या वेळापत्रकापर्यंत बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे.

कारखाने गेले तशी तरुण मुलंही गेली, आईवडील मागे राहिले. या भागात वर्षानुवर्षं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. म्हाताऱ्या लोकसंख्येला रुग्णालयं लागतात, आणि पिट विद्यापीठाकडे वैद्यकाची परंपरा आधीपासून होती. जोनास साल्कने पोलिओची लस इथेच तयार केली, यकृतरोपणात थॉमस स्टार्झल यांनी या शहराचं नाव केलं. त्यातून यूपीएमसी ही पिट विद्यापीठाशी जोडलेली रुग्णालयांची संस्था वाढली. आज तिच्याकडे सुमारे एक लाख माणसं कामाला आहेत आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात सरकार सोडलं तर एवढी नोकरी देणारं दुसरं कोणी नाही. डाउनटाउनमधली सगळ्यात उंच इमारत म्हणजे यू. एस. स्टील टॉवर. कंपनीने स्वतःच्याच पोलादातून ती ६४ मजली उभारली, गंजून तांबूस दिसणारं ते पोलाद आजही तसंच बाहेर दिसतं. आणि माथ्यावर अक्षरं मात्र यूपीएमसीची आहेत. शहराचा अर्थशास्त्राचा धडा त्या एका इमारतीवर लिहिलेला आहे. यू. एस. स्टील आता जपानच्या निप्पॉन स्टीलच्या मालकीची आहे. हा व्यवहार २०२५ मध्ये पुरा झाला.

बाकी मोठी नावं भराभर: पीएनसी ही बँक, रंग आणि लेपनं बनवणारी पीपीजी (आपल्या एशियन पेंट्सची जुनी भागीदार), केचपवाली हाइन्झ, रेल्वेचे ब्रेक आणि इंजिनं करणारी वॅबटेक, अणुऊर्जेतली वेस्टिंगहाउस, नैसर्गिक वायूतली ईक्यूटी. ड्युओलिंगोही इथलीच, सीएमयूच्या प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने काढलेली.

एक धागा थेट मुंबईपर्यंत जातो. सुनील वाधवानी आणि अशोक त्रिवेदी यांनी १९८६ मध्ये, म्हणजे होमस्टेडला टाळं लागलं त्याच वर्षी, पिट्सबर्गला मास्टेक (Mastech, मुंबईची Mastek वेगळी) काढली. पुढे तिची आयगेट झाली आणि २०११ मध्ये या आयगेटने मुंबईची पटनी कॉम्प्युटर्स विकत घेतली. सीप्झ आणि ऐरोलीत काम केलेल्या पुष्कळ लोकांच्या ओळखपत्रावरचं नाव त्या वर्षी बदललं, पण ते पिट्सबर्गच्या लोकांनी बदललं हे फार थोड्यांच्या लक्षात असेल.

पायरी पहिली: घर शोधताना नकाशावरचं अंतर मोजू नका

डोंगर, दऱ्या, तीन नद्या, ४४६ पूल आणि मोजके बोगदे. नकाशावर चार किलोमीटर दिसणारं अंतर संध्याकाळी पाच वाजता पाऊण तासाचं होतं, कारण मधे स्क्विरल हिलचा नाहीतर फोर्ट पिटचा बोगदा असतो आणि बोगद्याच्या तोंडाशी इथला प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक दाबतो. का, ते विचारू नका. नियम एवढाच पाळा: कामाची जागा आणि घर शक्यतो बोगद्याच्या एकाच बाजूला असू द्या.

नकाशात रस्ता दिसतो म्हणजे रस्ता असतोच असंही नाही. शहरात सार्वजनिक पायऱ्यांचे सुमारे ८०० जिने आहेत आणि त्यातल्या कित्येकांना रीतसर रस्त्याचं नाव आणि पाटी आहे. ‘बसथांबा तीन मिनिटांवर’ अशी जाहिरात वाचलीत तर तीन मिनिटं उतरताना की चढताना, ते विचारा. जानेवारीत बर्फ गोठल्यावर तो फरक कळतो.

विद्यार्थ्यांसाठी पर्याय ठरलेले आहेत. ओकलंड विद्यापीठांना चिकटून, पण घरं जुनी आणि गजबज फार. शेडीसाइड टुमदार आणि महाग. स्क्विरल हिल ही शहरातली जुनी ज्यू वस्ती, शांत, दुकानं पायाखाली, बस भरपूर. माझं मत विचाराल तर दोघातिघांत घर घेणाऱ्यांनी स्क्विरल हिलच बघावं. ओकलंडमधले बहुतेक करार ऑगस्टात सुरू होतात, त्यामुळे जुलैअखेर अख्ख्या फुटपाथवर सोफे, टेबलं, गाद्या पडलेल्या असतात. टेबल खुशाल उचला. गादी आणि कापडी सोफा फुकट मिळाला तरी घेऊ नका, ढेकूण आले की ते घालवायचा खर्च नव्या सोफ्याहून जास्त होतो.

डिपॉझिटबद्दल राज्याचा कायदा स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी घरमालक दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागू शकत नाही, दुसऱ्या वर्षापासून एक महिन्याचंच ठेवू शकतो. घर सोडल्यावर ३० दिवसांत पैसे किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी तुम्ही नवा पत्ता लेखी कळवलेला हवा. किल्ली देताना हा कागद दिला नाही की पुढे भांडायला जागा राहत नाही.

जुन्या घराच्या तळघरात भिंत नाही, दार नाही आणि मधोमध एक कमोड दिसला तर दचकू नका. त्याला इथे ‘पिट्सबर्ग पॉटी’ म्हणतात. कारखान्यातून आलेला कामगार वरच्या मजल्यावर काजळी नेण्याआधी तळघरातच हातपाय धुवायचा, असं लोक सांगतात.

आता हद्दीचा मुद्दा, हा नीट वाचा. अ‍ॅलेगेनी काउंटीत १३० वेगवेगळ्या नगरपालिका आहेत. पिट्सबर्ग शहर त्यातली एक. माउंट ऑलिव्हर नावाची चिमुकली नगरपालिका तर चारही बाजूंनी पिट्सबर्गने वेढलेली आहे, तरी स्वतंत्र आहे. गंमत अशी की टपालाच्या पत्त्यात उपनगरांतही ‘पिट्सबर्ग’ असंच लिहितात. त्यामुळे पत्ता वाचून हद्द कळत नाही.

ती कळायला का हवी? राज्याचा आयकर सगळ्यांना सारखा, सरसकट ३.०७ टक्के. पण त्यावर स्थानिक कर असतो. शहराच्या हद्दीत तो पगाराच्या ३ टक्के आहे, १ टक्का शहराचा आणि २ टक्के शाळा जिल्ह्याचा (म्हणजे त्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा). बहुतेक उपनगरांत तो १ टक्क्याच्या आसपास आहे. वर्षाला ८०,००० डॉलर पगार धरा: शहरात २,४०० डॉलर जातील, १ टक्का असलेल्या उपनगरात ८००. रस्त्याच्या या बाजूला घर की त्या बाजूला, यावर वर्षाचे १,६०० डॉलर फिरतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी जो रहिवासाचा फॉर्म भरायला देतात, त्यात तुमच्या नगरपालिकेचा सहा आकडी कोड लागतो. राज्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तो मिळतो. अंदाजाने ‘पिट्सबर्ग’ लिहून टाकलं तर पगारातून चुकीचा कर कापला जातो आणि तो सोडवून घ्यायला वर्षअखेर उजाडते.

मुलं शाळेत जाणारी असतील तर शाळा हद्दीप्रमाणेच मिळते. उत्तरेला नॉर्थ अ‍ॅलेगेनी, दक्षिणेला माउंट लेबनन आणि अप्पर सेंट क्लेअर या शाळा जिल्ह्यांसाठी आपली मंडळी तिकडे घरं घेतात. पण तिथे घरपट्टी तगडी असते. घर विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. काउंटीतली घरांची मूल्यांकनं अजून २०१२ च्या पायावर आहेत. विकणाऱ्याचं घरपट्टीचं बिल बघून हिशेब मांडाल, आणि खरेदीनंतर शाळा जिल्हा तुमच्या किमतीवर बोट ठेवून मूल्यांकन वाढवायला अपील करेल. हे इतकं नेहमीचं आहे की लोक त्याला नवागतांवरचा करच म्हणतात. वकिलाला हा प्रश्न सही करण्याआधी विचारा.

घर पक्कं करण्याआधी हवाही तपासा. मोनोंगाहेलाच्या खोऱ्यात क्लेअरटनला कोक (पोलादाच्या भट्टीसाठी कोळसा भाजून करतात ते इंधन) बनवण्याचा मोठा कारखाना अजून चालतो. थंडीत वारा पडला आणि गार हवा दरीत अडकली की सकाळी कुजक्या अंड्यांचा वास येतो. सीएमयूच्या प्रयोगशाळेने काढलेलं ‘स्मेल पीजीएच’ हे अ‍ॅप उघडा, कुठल्या भागातून तक्रारी येतात ते दिसतं. घरात कोणाला दमा असेल तर हे काम भाड्याची घासाघीस करण्याआधी करायचं.

पायरी दुसरी: पहिला आठवडा

विमानतळ शहराच्या पश्चिमेला बराच लांब आहे. २८एक्स ही बस तिथून डाउनटाउनमार्गे ओकलंडला जाते, तिकीट २.७५ डॉलर. दोन मोठ्या बॅगा आणि प्रवासाचा शीण असेल तर मात्र टॅक्सी करा, आणि फोर्ट पिट बोगद्यातून जाणारी करा. बोगदा संपतो तिथे पूल सुरू होतो आणि नद्या, पूल, उंच इमारती असं सगळं शहर एका क्षणात समोर उभं राहतं. इथले जुने लोकही तिथे बोलणं थांबवतात.

पिट आणि सीएमयूच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस फुकट आहे. बाकीच्यांनी कनेक्टकार्ड घ्यावं, एकदा पैसे कापले की तीन तास दुसरी बस बदलता येते. ‘टी’ ही लोकल डाउनटाउन ते नॉर्थ शोअर फुकट, पण ती मुख्यतः दक्षिणेकडच्या उपनगरांसाठी. ओकलंडकडे ती जात नाही, तिकडे सध्या ६१ आणि ७१ क्रमांकाच्या बसवरच भिस्त.

कागदपत्रांचा क्रम असा ठेवा. विद्यापीठात हजेरीची नोंद, मग फोन, मग बँक, मग सोशल सिक्युरिटी क्रमांक. शेवटचा क्रमांक विद्यार्थ्याला नोकरीचं पत्र असल्याशिवाय मिळत नाही, म्हणून त्यासाठी बाकीची कामं अडवून ठेवू नका. राहण्याचा पुरावा हातात आला की कार्नेगी लायब्ररीचं कार्ड काढा, फुकट आहे. ओकलंडची मुख्य इमारत १८९५ ची. तिला लागूनच असलेली संग्रहालयं दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर खुली आहेत.

विक्रीकर ७ टक्के आहे, पण रोजच्या वापरातल्या कपड्यांवर आणि बहुतेक किराण्यावर तो नाही. जाड जॅकेट पुण्याहून आणून बॅग भरण्यापेक्षा इथे घ्या. तिकडचं ‘उबदार’ इथे नोव्हेंबरपर्यंतच पुरतं.

पायरी तिसरी: नोकरी शोधताना

इथे येणाऱ्या दर दुसऱ्या अभियंत्याला रोबोटिक्समध्ये जायचं असतं. साहजिक आहे. सीएमयूची रोबोटिक्स इन्स्टिट्यूट १९७९ पासून आहे, तिचे पहिले संचालक राज रेड्डी. पण या क्षेत्राची चाल बघून पाऊल टाका. उबर चालकाविना चालणाऱ्या गाड्यांसाठी २०१५ मध्ये इथे आली, सीएमयूच्या प्रयोगशाळेतून माणसं उचलली आणि पाचेक वर्षांत तो विभाग ऑरोरा या दुसऱ्या कंपनीला देऊन मोकळी झाली. त्याच धंद्यातली, फोर्ड आणि फोक्सवॅगनचा पैसा असलेली आर्गो एआय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडली. त्याच लोकांनी पुढच्या वर्षी नवी कंपनी काढली. शहरात काम टिकतं, कंपनी टिकेलच असं नाही. ज्याच्या व्हिसाचं घड्याळ चालू आहे त्याला हा फरक महागात पडू शकतो. शिवाय संरक्षण आणि अवकाशाशी संबंधित जागांवर फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक चालतात. जाहिरातीच्या तळाशी ही ओळ असते. अर्ज भरण्याआधी ती वाचा.

म्हणून माझा आग्रह असा, की रुग्णालयं आणि बँका आधी बघा. यूपीएमसी, अ‍ॅलेगेनी हेल्थ नेटवर्क, पीएनसी, हायमार्क यांच्याकडे डेटा, सायबर सुरक्षा, विमा-हिशेब, सॉफ्टवेअर यांची कामं मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांची मित्रांमध्ये चर्चा कमी, म्हणून तिथे गर्दीही कमी. दुसरं असं, की विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना एच-वन-बीच्या वार्षिक लॉटरीतून सूट असते, आणि इथे अशा संस्थांची वानवा नाही. व्हिसाचं शुल्क आणि नियम मात्र सारखे बदलतात. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न विचारता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात किंवा वकिलाला विचारा.

पायरी चौथी: विमा

या शहरात आरोग्य विमा घेताना हप्त्याच्याही आधी ‘कुठल्या रुग्णालयात चालतो’ ते बघायचं. कारण यूपीएमसी रुग्णालयंही चालवते आणि विमाही विकते. तिची प्रतिस्पर्धी हायमार्कही विमा विकते आणि अ‍ॅलेगेनी हेल्थ नेटवर्क तिच्या मालकीचं आहे. दोघींचं वर्षानुवर्षं हाडवैर होतं, २०१९ मध्ये दहा वर्षांचा समझोता झाला. तरी एकीचा विमा घेऊन दुसरीच्या दारात गेलात तर बिल अंगावर येऊ शकतं. आधी डॉक्टर निवडा, बाळंतपण जवळ असेल तर रुग्णालय निवडा, मग विमा. साध्या तापाला इमर्जन्सीत जाऊ नका, अर्जंट केअर वेगळं असतं आणि बरंच स्वस्त पडतं.

पायरी पाचवी: गाडी

भारतीय लायसन्सवर सामान्यतः एक वर्षापर्यंत चालवता येतं, पण इथलं काढून घेणं बरं. डॉक्टरची सही असलेला फॉर्म लागतो. लेखी परीक्षेत १८ प्रश्न, १५ बरोबर हवेत. प्रत्यक्ष परीक्षेत पॅरलल पार्किंग असतं आणि बहुतेक लोक तिथेच गळतात, सराव तेवढाच करा.

जुनी गाडी घेताना वाकून खालून बघा. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीचा तळ खाऊन टाकतं. वरून चकचकीत आणि खालून चाळण, अशा गाड्या बाजारात खूप. तपासणीचं आणि धुराचं स्टिकर दर वर्षी नवं करावं लागतं, त्यामुळे ते कधी संपतंय हे बघूनच भाव करा.

सिग्नल हिरवा झाला की समोरची डावीकडे वळणारी पहिली गाडी तुमच्या आधी सटकन वळेल. याला ‘पिट्सबर्ग लेफ्ट’ म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण रीत आहे. हॉर्न वाजवू नका, जाऊ द्या. स्वतः मात्र हे करू नका, निदान लायसन्सची परीक्षा होईपर्यंत.

देऊळ, बाजार आणि आपली माणसं

पेन हिल्सच्या टेकडीवरचं व्यंकटेश्वराचं मंदिर १९७७ चं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. शनिवार-रविवारी तिथल्या उपाहारगृहात पुळियोगरे आणि दहीभात मिळतो, गाडी नसलेले विद्यार्थी एकमेकांना धरून तेवढ्यासाठी जातात. जवळच मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे. गणपती-दिवाळीला महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात, आणि घर बदलायला ट्रक चालवणारा माणूस तिथेच भेटतो. पिटच्या ४२ मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंगमध्ये वेगवेगळ्या देशांच्या वर्गखोल्या आहेत, त्यातली भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर बांधली आहे. आईबाबा आले की दाखवायला बरी.

शनिवारी सकाळी स्ट्रिप डिस्ट्रिक्टला पेन अव्हेन्यूवर जा. एकेकाळचा घाऊक बाजार, अजून मासळी, मसाले, चीज, भाजी तिथे मिळते. प्रिमँटीचं प्रसिद्ध सँडविच म्हणजे पावाच्या आतच तळलेला बटाटा आणि कोबीची कोशिंबीर. मांस नको असेल तर तसं सांगा, बटाटा-कोबी-चीज एवढ्यावरही भागतं.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही. बर्फापेक्षा आठवडेच्या आठवडे टिकणारं ढगाळ आभाळच जास्त छळतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि बर्फ पडल्यावर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत कोणी मोडकी खुर्ची ठेवलेली दिसली, तर ती जागा मोकळी नाही. त्या माणसाने ती खणून काढलेली आहे आणि तो कामावरून परत येणार आहे. शहराच्या कायद्यात या खुर्चीला काही किंमत नाही. तरीही तिला हात लावू नका, गाडी पुढच्या गल्लीत लावा.